स्फोटाभोवतीचा वारा : प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज उरकून काल रात्रीच्या एसटीने पुण्यात आले. आज मॅडमकडे विषय पक्का झाला. फॉर्मवर त्याचं नाव दोन ओळींचं आहे. माझ्यापुरतं एवढंच: श्वेत बटू फुटतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला काय पसरलेलं होतं, ते रेडिओ दुर्बिणीने शोधायचं.

टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेत बटूचा स्फोट, यावर वाद नाही. श्वेत बटू म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा: कार्बन आणि ऑक्सिजनचा गोळा, आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या आसपास. एकटा असला तर हा गोळा अब्जावधी वर्षं गुपचूप निवत बसतो. फुटायचं तर जोडीदार लागतो. तो जोडीदार कोण, यावर सगळं भांडण आहे. लाल महाकाय तारा असेल तर त्याच्या अंगावरून सतत वारा सुटलेला असतो आणि परिसरात वायू साचतो. दुसरा श्वेत बटूच असेल तर दोघं एकमेकांत मिसळून फुटतात आणि अंगण जवळजवळ झाडून काढल्यासारखं. स्फोटाचा दृश्य प्रकाश दोन्हीकडे बराचसा सारखाच. रेडिओ लहरी मात्र अंगणात काही पडलेलं असेल तरच निघतात.

आता गंमत. पानाजिया आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीच्या दोन दशकांच्या निरीक्षणांचा हिशेब मांडला: असे २७ सुपरनोव्हा पाहिले, रेडिओत एकही सापडला नाही. २०१६ मध्ये लॉरा चोमिउक आणि सहकाऱ्यांनी ही यादी ८५ वर नेली. सापडले शून्य.

रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे काहीच न दिसण्याचा प्रकल्प घेतलास. तोंडी परीक्षेला काय दाखवणार, काळा कागद?"

मॅडमना तिचं म्हणणं सांगितलं नाही, पण त्यांना ते माहीत असावं. त्यांची अट अशी की आधी हमखास दिसणारं काहीतरी स्वतःच्या हाताने काढून दाखवायचं, शांततेकडे वळायचं ते नंतर. ते हमखास म्हणजे भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफियुकी. तो सुपरनोव्हा नाही, नोव्हा आहे. जवळजवळ फुटण्याच्या मर्यादेपर्यंत जड झालेला श्वेत बटू आणि शेजारी लाल महाकाय. शेजाऱ्याचा वायू बटूच्या पृष्ठभागावर साचतो, पेटतो, वरचा थर उडतो, बटू शाबूत राहतो आणि पुन्हा साचायला सुरुवात. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६, २०२१. फेब्रुवारी २००६ च्या स्फोटानंतर तो आपल्या खोडदच्या (पुणे जिल्हा) जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने पाहिला होता आणि तो डेटा दुर्बिणीच्या अर्काइव्हमध्ये आहे.

आपल्या खोडदच्या असं लिहिलं खरं. आमच्या शेताच्या बांधावरून तिच्या एका डिशचं टोक दिसतं. लहानपणी मला वाटायचं की ती हवामान खात्याची आहे.

९ नोव्हेंबर

वाचन. रेडिओ लहरी निघतात कशा, ते वहीत स्वतःच्या शब्दांत उतरवलं नाही तर मला कळलंय असं वाटत नाही.

स्फोटात उडालेलं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर येतं आणि आधीच्या संथ वाऱ्यावर आदळतं. आदळण्याच्या जागी आघात-लाट तयार होते. तिथे चुंबकीय क्षेत्र वाढतं, काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातात आणि चुंबकीय रेषांभोवती गरगरत रेडिओ लहरी सोडतात. हे सिंक्रोट्रॉन प्रारण. वारा दाट तर आवाज मोठा, वारा विरळ तर आवाज बारीक. वाऱ्याची घनता दोन गोष्टींवर ठरते: तारा वर्षाला किती द्रव्य सोडतो आणि ते किती वेगाने निघून जातं. रेडिओतून या दोन्हींचा भागाकार हाती येतो. वेग गृहीत धरावा लागतो. (वादाचं एक मूळ इथेच आहे.)

वहीच्या समासात एक हिशेब केला आणि मग तासभर त्याच्याकडेच बघत बसले. वारा सेकंदाला १०० किलोमीटरने निघालाय, लाट १०,००० ने त्याच्या मागे धावतेय. म्हणजे लाटेने एका दिवसात कापलेलं अंतर वाऱ्याने शंभर दिवसांत कापलेलं असतं. स्फोटानंतर ६०० दिवसांनी रेडिओत जे दिसेल ते द्रव्य ताऱ्याने साधारण १६५ वर्षांपूर्वी सोडलेलं. दुर्बीण जितकी पुढे पाहत राहील, ताऱ्याचा तितका मागचा काळ उलगडत जातो.

१७ नोव्हेंबर

डेटा उतरवला. वसतिगृहाचं वायफाय, त्यामुळे 'उतरवला' या एका शब्दात तीन रात्री आहेत.

तेव्हाची जीएमआरटी आजची नव्हे. आज सुधारित यंत्रणेवर ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एकदम घेता येतो. २००६ मध्ये सोळा-सोळा मेगाहर्ट्झचे दोन पट्टे, प्रत्येकात १२८ चॅनल. डिश मात्र त्याच. ४५ मीटर व्यासाच्या तीस. चौदा मधल्या चौकात साधारण किलोमीटरभराच्या परिसरात, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, सगळ्यात लांबच्या दोघींत २५ किलोमीटर. पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून केलेल्या, त्यामुळे हलक्या आणि स्वस्त. वारा आरपार जातो. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही युक्ती नसती तर एवढ्या पैशांत तीस डिश उभ्या राहिल्या नसत्या.

मूर्खपणाची नोंद, विसरू नये म्हणून: फाइल उघडल्यावर डिशच्या यादीत सी-०६ नंतर थेट सी-०८ दिसला. फाइल अर्धवट उतरली असं समजून पुन्हा उतरवायला लावली. आणखी एक रात्र. सकाळी विभागातल्या पीएचडीच्या दादाला विचारलं तर तो हसायलाच लागला. सी-०७ नावाची डिश नाहीच. एस-०५ पण नाही. ई-०१ पण नाही. तीस मोजून पाहिल्या, बरोबर भरल्या.

२० नोव्हेंबर

मतदान. सुट्टी. गावी गेले नाही, अपराधी वाटतंय.

२४ नोव्हेंबर

आठवडाभर फक्त फ्लॅगिंग. खराब डेटा बाजूला काढणं म्हणजे तांदूळ निवडणं, पण तांदळात खडा पांढरा असू शकतो. काही गोष्टी उघड असतात: एखादी डिश तासभर भलतीकडेच पाहत होती, एखाद्या चॅनलवर सतत ओरड आहे. काही सोप्या नसतात. विजेच्या तारांवर ठिणग्या उडतात त्याचा रेडिओ गोंगाट सगळ्या चॅनलवर एकदम पसरतो. ६१० मेगाहर्ट्झला सोसण्यासारखा होता, ३२५ ला तो फार. खोडदच्या आसपास उद्योग आणि रेडिओ उपकरणांवर बंधनं का, हे आमच्या तालुक्यात नेहमी रागाने विचारलं जातं. मीही विचारायचे. आता पडद्यावर त्या ठिणग्यांच्या उभ्या रेघा पाहिल्यावर माझी बाजू थोडी सरकली आहे. पूर्ण नाही.

मॅडमचा नियम: किती टक्के डेटा काढून टाकला ते प्रत्येक वेळी लिहायचं. आवडला नाही म्हणून काढला, असं व्हायला नको.

१ डिसेंबर

कॅलिब्रेशन. थ्री-सी २८६ हा ज्याची तीव्रता पक्की माहीत आहे असा स्रोत, म्हणजे आपलं प्रमाणित वजन. दर थोड्या वेळाने लक्ष्याच्या जवळचा दुसरा एक स्रोत पाहायचा, म्हणजे वातावरणाने आणि यंत्रांनी लहरींच्या कलांमध्ये केलेली ढवळाढवळ कळते.

परवा दुपारी मी दुसऱ्या पट्ट्यासाठी काढलेल्या दुरुस्त्या पहिल्या पट्ट्याला लावल्या. इमेज आली ती पाण्यात सोडलेल्या शाईसारखी. दोन दिवस आयनांबराला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला) दोष देत होते.

८ डिसेंबर

दिसला.

रात्री पावणेबारा. ६१० मेगाहर्ट्झ, स्फोटानंतरचा विसावा दिवस. सेल्फकॅलच्या (लक्ष्याच्याच डेटावरून कॅलिब्रेशन सुधारण्याच्या) तिसऱ्या फेरीनंतर चित्राच्या मधोमध एक ठिपका, आणि आजूबाजूला शंभरेक इतर ठिपके, जे सगळे बहुतेक दूरच्या दीर्घिका. आपला ठिपका त्यांच्यात उठून दिसतोच असं नाही. तो तिथे असायला हवा हे माहीत होतं म्हणून दिसला, अशी शंका आली. म्हणून रूममेटला उठवलं आणि काहीही न सांगता विचारलं की मध्ये काही आहे का. "आहे. आता झोपू?"

निमिषा कंथारिया, अनुपमा, प्रभू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छापलेला आकडा सुमारे ४८ मिलिजान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक). १.४ गिगाहर्ट्झच्या खाली आरएस ऑफियुकीचा स्फोट दिसल्याची ती पहिलीच वेळ. माझा आकडा त्यांच्या जवळ आहे, पण माझी त्रुटी एवढी मोठी आहे की जवळ नसता तरच आश्चर्य. तरीही झोप लागली नाही.

१५ डिसेंबर

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ठिपक्यात नाही, तो कधी दिसला यात आहे.

लाल महाकायाचा वारा दुहेरी काम करतो. लाट त्यावर आदळते म्हणून रेडिओ लहरी निघतात. आणि जो वारा अजून लाटेच्या पुढे आहे, आपल्या आणि स्फोटाच्या मध्ये, तो आयनीभूत असल्यामुळे त्याच लहरी गिळतो. कमी कंप्रतेच्या लहरी जास्त गिळतो, साधारण कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून स्फोट आधी वरच्या कंप्रतेला दिसतो आणि पडदा विरळ होत जाईल तसा खालच्या कंप्रतांना. ६१० ला विसाव्या दिवशी दिसला, ३२५ ला अडतिसाव्या दिवशी, सुमारे ४४ मिलिजान्स्की.

आणि १९८५ च्या स्फोटात? ३२७ मेगाहर्ट्झला ६६ व्या दिवशीसुद्धा दिसला नव्हता. तोच तारा, तोच शेजारी. त्या शोधनिबंधाचं अनुमान असं की २००६ मध्ये समोरच्या वाऱ्याची घनता १९८५ च्या जेमतेम ३० टक्के होती.

म्हणजे ज्या दिवशी काही दिसलं नाही त्या दिवसाची नोंद कुणीतरी नीट करून ठेवली होती, म्हणून एकवीस वर्षांनी ही तुलना झाली. रूममेटला हे वाक्य वाचून दाखवलं. तिने चहा केला.

२२ डिसेंबर

३२५ मेगाहर्ट्झ अंगाशी आलं. ठिपका आहे, पण आकडा छापील ४४ पेक्षा बराच खाली. फ्लॅगिंग पुन्हा केलं, तेच. कॅलिब्रेशन पुन्हा केलं, तेच.

शेवटी पीएचडीच्या दादाने एकच प्रश्न विचारला, "आकाशाचं तापमान घातलंस का?" आरएस ऑफियुकी आकाशगंगेच्या पट्ट्यापासून फार लांब नाही. त्या दिशेला आकाश स्वतःच कमी कंप्रतेला चांगलं तापलेलं असतं. थ्री-सी २८६ आकाशगंगेपासून खूप दूर, थंड कोपऱ्यात. दुर्बिणीतली यंत्रणा येणाऱ्या संकेताची एकूण पातळी आपोआप सारखी ठेवते. त्यामुळे गोंगाट जास्त असलेल्या दिशेला खरा स्रोतही त्याच प्रमाणात दाबला जातो. हाझलम यांचा ४०८ मेगाहर्ट्झचा संपूर्ण आकाशाचा १९८२ चा नकाशा घ्यायचा, तिथलं तापमान ३२५ ला नेऊन दुरुस्ती लावायची. लावली. आकडा छापील मूल्याच्या टप्प्यात आला.

उत्तर माहीत होतं म्हणून चूक कळली. माहीत नसतं तर मी कमी आकडा खुशाल लिहून मोकळी झाले असते. सुपरनोव्हाच्या बाबतीत उत्तर कुणालाच माहीत नसतं. मॅडमनी आरएस ऑफियुकी आधी का करायला लावला, ते आज डोक्यात उतरलं.

२९ डिसेंबर, गावी

कांद्याला पाणी भरायचं चाललंय, लाइट रात्रीची. मी ओट्यावर वही घेऊन बसले होते.

१९८५ च्या स्फोटाने जवळचा वारा झाडून नेला असणार. त्यानंतर २१ वर्षं नवा वारा भरत गेला. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० किलोमीटर धरला तर वर्षाला साधारण सव्वाचार खगोलीय एकक, २१ वर्षांत ८८. (पृथ्वी ते सूर्य हे अंतर एक खगोलीय एकक.) २००६ च्या स्फोटाची लाट सेकंदाला ४,००० किलोमीटर धरली तर दिवसाला २.३ एकक. ८८ भागिले २.३ म्हणजे ३८ दिवस.

अडतीस! ३२५ मेगाहर्ट्झला ठिपका दिसला तो दिवस! लाट नव्या वाऱ्याच्या काठापर्यंत पोचली, पडदा संपला, लहरी सुटल्या. हात थरथरत होते. मॅडमना रात्री दहाला मेसेज टाकला.

तेवढ्यात आबा मोटर बघून आले. "काय सापडलं का तुला त्या ताऱ्यात?"

म्हटलं, या ताऱ्यात सापडलं, पण पुढचे जे पाहायचे आहेत त्यांच्यात कुणालाच काही सापडलेलं नाही, आणि तेच लिहायचं आहे.

"किती फुटांपर्यंत?"

"काय?"

"बोअर कोरडी गेली म्हणतो त्याला आधी हेच विचारायचं ना. दीडशे फुटांत कोरडी आणि चारशे फुटांत कोरडी, फरक हाये का नाय? मागल्या मळ्यात त्यानं अडीचशेला गाडी काढून घेतली, म्हणं पाणीच नाय. शेजाऱ्याला तीनशे दहाला लागलं."

वहीत 'शोधमर्यादा' या शब्दाखाली मी पंधरा दिवसांपूर्वी अर्धं पान व्याख्या लिहून ठेवली होती. ती खोडली नाही, पण शेजारी 'किती फूट' असं लिहिलं.

६ जानेवारी २०२५

मॅडमनी अडतीस दिवसांचा फुगा फोडला. फार वेळ लागला नाही. "लाटेचा वेग अडतीस दिवस तोच राहिला का?" नाही. दाट वाऱ्यात घुसताना लाट मंदावते. २००६ मध्येच एक्स-रे निरीक्षणांवरून दिसलं होतं की पहिल्या काही दिवसांतच तिचा वेग पडायला लागला होता. म्हणजे काठ गाठायला अडतीस दिवसांहून बराच जास्त काळ लागणार. शिवाय वारा गोल नाही. जोडतारा एकमेकांभोवती फिरतोय, वायू कक्षेच्या प्रतलात जास्त. आणि अडतिसावा दिवस हा ३२५ ला पाहिल्याचा दिवस आहे, लहरी सुटल्याचा नव्हे. तारीख वेळापत्रकाने ठरवली, ताऱ्याने नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात लागला. तो मला स्वतःला सुचायला हवा होता.

१४ जानेवारी

तिळगूळ. मॅडमना दिला. त्या म्हणाल्या, गोड बोल पण त्रुटी मोजून बोल.

१९ जानेवारी

आता खरं काम. एसएन (म्हणजे सुपरनोव्हा) २०११एफई. २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या शोधमोहिमेला एम १०१ या दीर्घिकेत सापडला, स्फोट होऊन एक दिवसही उलटला नव्हता. अंतर सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षं. टाइप वन-एसाठी हे अंगणातच म्हणायचं. व्हीएलए स्फोटानंतर दोनच दिवसांत तिकडे वळली आणि एकोणिसाव्या दिवसापर्यंत पाहत राहिली. रेडिओत काही नाही.

किती फुटांपर्यंत? वाऱ्याचा वेग १०० किलोमीटर धरला तर ताऱ्याने वर्षाला गमावलेलं द्रव्य, सूर्याच्या वस्तुमानाचे हजार कोटी भाग केले तर त्यातल्या सहांपेक्षा जास्त नव्हतं.

आरएस ऑफियुकीशी तुलना केली. त्याच्या लाल महाकायाचा वारा मी वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा एक कोटीवा भाग धरला, वेग २०. दोन्हीकडे द्रव्य भागिले वेग काढलं आणि गुणोत्तर घेतलं: सुमारे ८३०. म्हणजे २०११एफईच्या शेजारी आरएस ऑफियुकीसारखा वारा असता तर तो मर्यादेच्या आठशे पट वर असता. डोळे मिटूनही दिसला असता. हबलच्या स्फोटापूर्वीच्या छायाचित्रांतही त्या जागी तेजस्वी लाल महाकाय नव्हता, हे ली आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं होतं. दोन वेगळ्या वाटा, एकच उत्तर.

एसएन २०१४जे तर आणखी जवळ, एम ८२ मध्ये. २१ जानेवारी २०१४ ला लंडनमध्ये स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण चालवायला शिकवत असताना सापडला. ढगाळ हवेमुळे घाईघाईत ठरलेला तास. तिथेही रेडिओत शांतता, मर्यादा जवळजवळ तेवढीच. पेरेझ-तोरेस आणि सहकारी, २०१४.

२७ जानेवारी

स्वतःच्याच निष्कर्षावर उलट तपासणी.

आरएस ऑफियुकीसारखा तारा दर वीसेक वर्षांनी अंगण झाडतो. समजा नोव्हा नुकताच होऊन गेला आणि लगेच सुपरनोव्हा झाला, तर जवळपास वारा नसेलच, पोकळी असेल. मग पहिले काही दिवस शांतता दिसेल आणि आपण म्हणू की लाल महाकाय नव्हता. चूक होईल.

हिशेब: सुपरनोव्हाची पुढची लाट सेकंदाला ३०,००० किलोमीटर, दिवसाला १७ एकक. २१ वर्षांत भरलेला ८८ एककांचा वारा ती पाच दिवसांत ओलांडते. त्यापुढे आधीच्या स्फोटांची कवचं. म्हणजे दुसऱ्या दिवसाचं मोजमाप आणि एकोणिसाव्या दिवसाचं मोजमाप वेगवेगळ्या काळातला तारा पाहतात. फक्त एकाच दिवशी पाहून 'स्वच्छ अंगण' म्हणता येत नाही. २०११एफईच्या बाबतीत बरेच दिवस पाहिलंय, म्हणून तिथे ही पळवाट अरुंद आहे. इतर अनेकांकडे एखाद-दोनच दिवस पाहिलेलं. ८५ च्या यादीतल्या प्रत्येक बोअरची खोली वेगळी आहे, आणि शून्य मात्र सगळ्यांचा एकच छापला जातो.

कवचांची कल्पना हवेतली नाही. पीटीएफ ११केएक्स या सुपरनोव्हाच्या वर्णपटात अशी हायड्रोजनची कवचं दिसली होती; डिल्डे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचा पूर्वज आरएस ऑफियुकीच्या जातीचा असावा असं मांडलं. म्हणजे एखाद-दुसरा त्या वाटेने येतो. बहुतेक येत नाहीत.

५ फेब्रुवारी

कोड चालला, आणि त्याने घोळ घातला. आघाताच्या ऊर्जेतला किती वाटा चुंबकीय क्षेत्राला जातो हे कुणी मोजलेलं नाही, ०.१ धरतात किंवा ०.०१ धरतात. ०.०१ धरलं की माझ्या कोडमध्ये मर्यादा साधारण पाच पट सैल होते. ८३० चे १६० झाले. निष्कर्ष टिकतो, पण दिमाख गेला.

मी दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवले. दादा म्हणाला, एकच ठेव, परीक्षक गोंधळतील. गोंधळू देत.

१६ फेब्रुवारी

एसएन २०२०ईवायजे. मार्च २०२० मध्ये सापडलेला. याला या वहीत जास्त जागा द्यायला हवी.

वर्णपट टाइप वन-एचा, पण पुढे त्यात हीलियमच्या रेषा उमटल्या. हायड्रोजनच्या नाहीत, हीलियमच्या. म्हणजे आजूबाजूला हीलियमचं दाट द्रव्य. मग ब्रिटनच्या ई-मर्लिन दुर्बिणींनी ५.१ गिगाहर्ट्झला पाहिलं, स्फोटानंतर ६०५ व्या दिवशी आणि पुन्हा ७४१ व्या दिवशी, आणि तो होता. कूल आणि सहकाऱ्यांनी मे २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं: रेडिओत सापडलेला पहिला टाइप वन-ए. जोडीदार बहुधा हीलियम तारा, ज्याने स्फोटाआधी आपलं आवरण टाकून दिलं होतं.

मला दोन गोष्टी खटकतात, चांगल्या अर्थाने. एक, दीडशेपेक्षा जास्त वर्षं मागचं द्रव्य पाहायला सहाशे दिवस वाट पाहावी लागली, माझ्या पहिल्या आठवड्यातल्या समासातल्या हिशेबासारखंच (वेग वेगळे धरले की वर्षं बदलतात, तत्त्व तेच). पहिल्या महिन्यात पाहून सोडून दिलं असतं तर हाही शून्यात गेला असता. दोन, इतकी वर्षं सगळ्यांचा डोळा लाल महाकायावर होता आणि शेवटी पाणी लागलं ते भलत्याच शिवारात.

आधीच्या यादीतल्या किती जणांकडे दोन वर्षांनी परत पाहिलंय? माझ्या तक्त्यात आता तो रकाना आहे. बऱ्याच ओळींत तो रिकामा आहे.

उशिराच्या काळात कमी कंप्रतेला पडदा विरळ झालेला असतो आणि सिंक्रोट्रॉन वर्णपट कमी कंप्रतेकडे चढत जातो, त्यामुळे जीएमआरटीला इथे काम आहे. मॅडमना म्हटलं. त्या म्हणाल्या, "काम आहे हे सगळ्यांना माहीत आहे. किती तास लागतील ते काढ." काढतेय.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. खोडदला आमच्या विभागाचं पोस्टर होतं. शाळांच्या रांगा, धूळ, उसाचा रस. आबा आले होते, गर्दीतून डिशच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. पोस्टरवरचा आरएस ऑफियुकीचा ठिपका बघून म्हणाले, "एवढाच?" तक्ता मात्र बराच वेळ वाचत होते, शेवटचा रिकामा रकाना बोटाने धरून.

१० मार्च

अहवाल दिला. एकच दुरुस्ती परत आली: 'रेडिओ उत्सर्जन नाही' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे 'अमुक मर्यादेपेक्षा जास्त नाही' करा. अकरा ठिकाणी होतं. दहा मी आधीच बदलले होते, अकरावं सारांशात राहून गेलं होतं.

दुसरी वही सुरू करतेय. उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरिअलिस. १८६६ ला फुटला, फेब्रुवारी १९४६ ला फुटला. वर्षभर सगळे म्हणतायत की आता कधीही. ७९ वर्षांचा वारा, २० किलोमीटरने, म्हणजे ३३० एककांपर्यंत भरलेला. आरएस ऑफियुकीच्या जवळजवळ चौपट लांब पडदा, पण किती दाट ते फुटल्यावरच कळेल. कमी कंप्रतेला तो कितव्या दिवशी दिसावा याचा अंदाज तीन वेगवेगळ्या घनता धरून आत्ताच लिहून ठेवलाय, तारीख घालून, मॅडमची सही घेऊन. नंतर अडतीस दिवसांसारखा आकडा जुळवायला नको.

सध्या तो रात्री साडेदहाच्या सुमाराला उगवतो. गच्चीवर जाऊन द्विनेत्रीतून पाहिलं. मुकुट दिसला. तारा अजून दहाव्या प्रतीतच (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) असणार, कारण त्या जागी मला तरी काही दिसलं नाही. माझ्या द्विनेत्रीची मर्यादा, शहराच्या उजेडात, साडेसात.